तपासी अंमलदार



बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेल्या वाचकाला गुन्ह्याचा छडा लावणारा म्हटलं की गुप्तहेर आठवतो. पुण्यातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात मात्र 'या केसचे आयओ कोण?' असंच विचारतात; आयओ म्हणजे इन्व्हेस्टिगेटिंग ऑफिसर. कागदोपत्री ते असतात 'तपासी अंमलदार'. वर्तमानपत्रांत हल्ली 'तपास अधिकारी' छापून येतं.

या माणसाचं काम कळायला जोशी-अभ्यंकर खून प्रकरण आठवावं. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून पडले. संध्याकाळ झाली की दारं लागायची, रस्ते ओस पडायचे. २४ मार्च १९७७ला येरवड्याजवळ नदीत एका तरुणाचा मृतदेह वर आला, नायलॉनच्या दोरीने लोखंडी शिडीला बांधलेला. सहायक पोलीस आयुक्त मधुसूदन हुल्याळकरांच्या पथकाला त्या दोरीचं आधीच्या खुनांशी साम्य दिसलं. धागा तिथून हाती लागला.

गोष्टीतला गुप्तहेर इथे थांबला असता. तपासी अंमलदाराचं खरं काम इथून पुढे. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. म्हणून पंच बोलवायचे, पंचनामा करायचा, मुद्देमाल सील करायचा, जबाब घ्यायचे आणि केस डायरीत रोजच्या रोज वेळेनिशी नोंद ठेवायची. जुलै २०२४पासूनच्या नव्या कायद्याने झडती-जप्तीचं चित्रीकरणही आलं. जोशी-अभ्यंकर प्रकरणात खुन्यांचा एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला. तरी खटला तडीला जाऊन चौघा आरोपींना येरवडा तुरुंगात फाशी होईपर्यंत नोव्हेंबर १९८३ उजाडला.

एवढ्या नेटाचं काम करणाऱ्याला आपण वेळ किती देतो? सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात बजावलं होतं की तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची माणसं वेगळी करा, सुरुवात दहा लाखांवरच्या शहरांपासून करा. पुणे त्यात बसतं. गुन्हे शाखा वेगळी आहे, हे खरं. पण बहुतेक गुन्ह्यांचा तपास पोलीस ठाण्यातच होतो. तिथला अंमलदार पालखी आली की बंदोबस्ताला, गणपती आले की बंदोबस्ताला, निवडणूक लागली की पुन्हा बंदोबस्ताला. मला हे मनापासून खुपतं. तो बंदोबस्तात अडकला की साक्षीदाराचा जबाब लांबतो आणि पुढे उलटतपासणीत बचावाचे वकील त्या उशिरावरच नेमकं बोट ठेवतात.