कारागिराच्या हाती नवे यंत्र



आपल्या वस्तीतला चप्पल शिवणारा कारागीर कामात हुशार आहे. परंतु परगावच्या गिऱ्हाईकाचा इंग्रजी निरोप आला की तो अडतो आणि दलालाचे फावते. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेली 'भाषिणी' सेवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने असा मजकूर मराठीत आणते.

विद्यार्थ्यांनो, तासभर त्याच्या दुकानात बसा. एकच काम शिकवा : निरोप समजून घेणे व उत्तर पाठविणे. यंत्र चुकते, म्हणून भाव, माप व तारीख त्याने स्वतः ताडून पाहावी. गिऱ्हाईकांचे फोन नंबर, उधारीची वही यंत्राला देऊ नये.

त्याची दलाली वाचली, तर आपले शिक्षण सार्थकी लागले.