सैनिकाचे काम आणि कामाचा संकेतांक



खानापूर तालुक्याच्या माळरानावर पाऊस नेहमीच बेभरवशाचा. म्हणून येथील तरुणांनी उदरनिर्वाहासाठी दोन दूरच्या वाटा धरल्या. एक वाट सोन्याचांदीच्या गलाईची. ती देशभरच्या सराफ पेठांपर्यंत पोहोचली. दुसरी वाट सैन्याची. ती बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्राकडे, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सकडे गेली. गलाई कारागिराचे कसब भाऊबंदांच्या शब्दावर ओळखले जाते. सैनिकाचे कसब मात्र निवृत्तीनंतर कागदावरून ओळखले जाते, आणि अडचण तेथेच सुरू होते.

सैन्यात केवळ बंदूक चालविणारे नसतात. वाहनचालक, यंत्रकारागीर, बिनतारी संदेशक, कारकून, भांडारपाल, परिचर्या सहायक, आचारी अशी कामे तेथे असतात. अशा प्रत्येक कामास 'ट्रेड' म्हणतात. भरती, प्रशिक्षण, वेतनगट व बढती यांचा हिशेब त्यावर ठेवला जातो. अमेरिकेच्या भूदलात प्रत्येक कामास संकेतांकच असतो. पायदळ सैनिकाचा '११बी', तर मोटारचालकाचा '८८एम'.

नागरी जगाची मोजणी निराळी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००८ च्या व्यवसाय वर्गीकरणात सर्व सैनिक 'शून्य' क्रमांकाच्या गटात येतात. त्या गटाचे भाग तीनच : राजादिष्ट अधिकारी, बिनराजादिष्ट अधिकारी आणि इतर हुद्द्यांचे सैनिक. म्हणजे तेथे हुद्दा मोजला जातो, काम नव्हे. गणवेशातील आचारी शून्य गटात. गणवेश उतरवून तेच काम करू लागला की ५१२० या गटात.

भारताचे राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण प्रथम १९५८ मध्ये तयार झाले. पुढे १९६८, २००४ व २०१५ मध्ये ते सुधारण्यात आले. २०१५ च्या आवृत्तीत व्यवसायाचा संकेतांक आठ अंकी असून पहिले चार अंक आंतरराष्ट्रीय पद्धतीशी जुळतात. अवजड मालमोटारीचा चालक ८३३२ मध्ये, मोटार दुरुस्ती कारागीर ७२३१ मध्ये. ज्याचा ट्रेड नागरी कामाशी जुळतो, त्याला हा पूल ओलांडणे सोपे जाते.

खरा प्रश्न पायदळातील 'जनरल ड्यूटी' जवानाचा आहे. त्याच्या ट्रेडला नागरी जोड नाही. त्यामुळे बहुधा सुरक्षारक्षकाचा ५४१४ हाच गट त्याच्या वाट्यास येतो. दहा माणसांची तुकडी सांभाळणे, नवोदितांना शिकविणे, वाहन व संदेशयंत्र हाताळणे हे सारे त्या एका आकड्यामागे लपते. पंधरा वर्षे सेवा झालेल्या मॅट्रिक माजी सैनिकास केंद्र शासनाच्या काही गट 'क' पदांसाठी पदवीधरासमान मानण्याची तरतूद आहे. परंतु जेथे तांत्रिक अनुभव आवश्यक असतो, तेथे ती उपयोगी पडत नाही. तेथे हातातील कामाचाच पुरावा लागतो.

यास्तव तयारी सेवेत असतानाच व्हावयास हवी. पूर्ण केलेला प्रत्येक अभ्यासक्रम, प्रत्येक परवाना सेवामुक्ती पुस्तिकेत नोंदला गेला आहे की नाही, हे जवानाने स्वतः पाहावे. गावी परतल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदविताना एकाच कामावर थांबू नये. जी जी कामे येतात, ती सर्व सांगावीत. घरच्या मंडळींनीही ही कागदपत्रे जमिनीच्या उताऱ्याइतकीच जपावीत.

२०२२ मध्ये आरंभ झालेल्या अग्निपथ योजनेमुळे या गोष्टीची निकड वाढली आहे. योजनेच्या मूळ तरतुदीप्रमाणे चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर सैन्यात कायम राहतात. उरलेले पंचविशीच्या आगेमागे परत येतात. त्यांच्या कौशल्य प्रमाणपत्रावर काय लिहिले आहे, यावर पुढील तीस-पस्तीस वर्षांची भाकरी अवलंबून राहील.

संकेतांक हा कोणाच्या शौर्याचे मोल करीत नाही. तो फक्त एवढेच सांगतो की, या माणसाला अमुक काम येते. परंतु नोकरी देणारा पहिल्याने तेवढेच विचारतो. म्हणून ते उत्तर कागदावर अचूक आणि पूर्ण असले पाहिजे.