तोडलेल्या खोडाचे धुमारे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'शेती आणि पर्यावरण' असा विषय दिला आहे आणि वेळ दहा मिनिटं. मी पर्यावरणावर बोलणार नाही. तुमच्या-माझ्या नावावर सातबाऱ्यात असलेल्या डोंगरउतारांवर बोलणार आहे.

आपल्या शाळेच्या मागच्या उतारावर आपण दर जुलैत रोपं लावायचो. गुरुजी वहीत आकडा लिहून घ्यायचे. आज जेवायच्या आधी जरा मागे जाऊन बघा. तिथे जी झाडं उभी आहेत, ती बहुतेक ऐनाची आणि किंजळाची आहेत. ती आपल्यापैकी कोणीच लावलेली नाहीत. पूर्वी तोडलेल्या खोडांना फुटलेले ते धुमारे आहेत. कुंपण झालं, गुरं थांबली, आणि ते वाढले.

गेली चौदा वर्षं मी गावाकडच्या वडिलोपार्जित चार एकरांवर हेच करतो आहे. ऐन किंवा किंजळ तोडला की पावसाळ्यात त्या खोडाला पंधरा-वीस फुटवे येतात. सगळे तसेच ठेवले तर झुडूप होतं. त्यातले सरळ, जोमदार दोन-तीन ठेवायचे, बाकीचे बुडाशी छाटायचे आणि ती पालवी तिथेच पसरायची. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पुन्हा एक छाटणी. बस. खाली मुळं जुनी आणि खोलवर गेलेली असतात, त्यामुळे या फुटव्याला उन्हाळ्यात पाणी घालावं लागत नाही. नर्सरीतलं रोप मात्र आपल्या जांभ्याच्या कातळावर पहिला मे महिना काढतानाच मेटाकुटीला येतं.

ही अक्कल माझी नाही. आपले आजोबा भाजावळीसाठी कवळतोड करायचे तेव्हा शेंडा राखून फांद्या घ्यायचे, झाड जिवंत ठेवायचे. आणि हेच तिकडे आफ्रिकेत नायजर देशात मोठ्या प्रमाणावर झालं. टोनी रिनाउडो नावाचे एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ १९८०च्या दशकात तिथे वृक्षारोपणाचं काम करत होते. लावलेली बहुतेक रोपं मरायची. एकदा वाळूत गाडी चालवायची म्हणून टायरमधली हवा कमी करायला ते थांबले, तेव्हा समोरच्या फुटकळ झुडपाकडे त्यांचं लक्ष गेलं. ते झुडूप नव्हतंच, तोडलेल्या झाडाचे धुमारे होते. जमिनीखाली जंगल शाबूत होतं! पुढे तिथल्या शेतकऱ्यांनी बाजरी-ज्वारीच्या शेतातच असे फुटवे राखले आणि सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडं परत आली. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फ्रेंच अमदानीपासून तिथे झाड सरकारच्या मालकीचं मानलं जायचं, म्हणून शेतकरी ते राखत नसे. हे झाड आपलं, याची फांदी आपण विकू शकतो, असा भरवसा आला तेव्हा तो राखायला लागला.

आपल्याकडे उलटं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं. संगमेश्वरपासून खाली जे हिरवं रान दिसतं ते बहुतांश खासगी, म्हणजे तुमचं. आणि तुम्ही मुंबईत, पुण्यात, काही जण दुबईला. सातबाऱ्यावर बावीस नावं. ठेकेदार फोन करतो, उभ्या झाडांचा सौदा होतो, प्रत्येकाच्या वाट्याला काही हजार येतात, गणपतीचा खर्च निघतो. सात-आठ वर्षांनी मनगटाएवढं लाकूड झालं की पुन्हा तोड. पुष्कळदा त्यानंतर वणवा. आणि हल्ली तिसरा प्रकार: जेसीबी लावून खोडंच उपटायची आणि सरसकट काजू किंवा हापूस. कागदावर त्यालाही वृक्षलागवडच म्हणतात. काजूशी माझं वैर नाही, माझ्याकडे वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ची साठ झाडं आहेत. पण ती मोकळ्या, उन्हाच्या जागी. काजूला सावली मानवत नाही, आणि त्याच्यासाठी ऐन उपटायची गरज नाही.

पैशाचं विचारणारच तुम्ही. पहिली चार वर्षं या रानातून काही मिळत नाही, हे स्पष्ट सांगतो. नंतर काजू सुरू होतो. पऱ्याच्या बाजूला फणसावर, आंब्यावर मिरीचे वेल आहेत; अर्धसावलीत कोकम, हळद, सुरण. बांधावर गिरिपुष्प लावलाय. त्याच्या नुसत्या फांद्या खोचल्या तरी जगतात, मुळांवर नत्र धरतो, आणि वर्षातून दोनदा छाटला की भाताला आणि काजूच्या आळ्यांना हिरवा पाला होतो. युरियाची गोणी मी गेली नऊ वर्षं आणलेली नाही. जीवामृतही करतो: पाळेकरांच्या पद्धतीचं, २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर रानातली माती. पण त्याचे चमत्कार मी सांगत फिरत नाही. माझ्या अनुभवात खरं काम पाचोळा करतो. तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो. उघड्या उतारावर तो मातीसकट खाली जातो, पाचोळ्यावर पडला तर आधी मुरतो.

सगळ्यात मोठा शत्रू वणवा. डिसेंबरात गवत वाळायच्या सुमाराला हद्दीने दहा-बारा फुटांची जाळरेषा काढली नाही, तर सात वर्षांची राखण एका दुपारी जाते. शेजारचा सर्व्हे नंबर ओसाड असेल तर माझी रेषाही पुरत नाही. म्हणून हे एकट्याचं काम नाही, आणि म्हणूनच आज इथे बोलतोय. या वर्गातल्या चाळीस-पंचेचाळीस जणांच्या जमिनी एकाच दोन डोंगरांवर, एकमेकींना लागून आहेत.

माझी मागणी लहान आहे. पुढची सात वर्षं कोणी उभ्या झाडांचा सौदा करू नये, आणि जाळरेषेच्या मजुरीचा वाटा प्रत्येकाने उचलावा. राखण गावातली मुलं करतील, त्यांना पगार द्यायचा. ज्यांना खरोखरच पैशाची नड आहे त्यांनी सगळं रान न देता निवडक विरळणी करावी. ती कुठली करायची ते मी दाखवतो.

जेवणानंतर नववी 'ब'च्या वर्गात आम्ही चौघं गावाचा नकाशा घेऊन बसणार आहोत. सातबारा सोबत नसला तरी चालेल, मोबाइलवर निघतो. फक्त गट नंबर आठवत नसेल तर घरी आईला फोन करून ठेवा.