माहेरचे बाळंतपण

पुणे-सोलापूर रस्त्यावर यवतजवळ भांडगाव आहे. या बाजूला मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज अजून पाळतात. सातव्या महिन्यात ओटी भरायची, नि बाप किंवा भाऊ येऊन तिला घेऊन जायचा. रिवाज वाईट, असे मी म्हणणार नाही. सासरी पहाटेपासून राबणाऱ्या पोरीला दोन महिने अंग टेकायला मिळते, आईच्या हातचे तेलपाणी होते, डिंकाचा लाडू पोटात जातो. हे बाटलीतल्या औषधात नाही.

पण त्यात एक गोम आहे. तपासणी झाली सासरच्या उपकेंद्रात, कार्ड राहिले सासरच्या फडताळात, नि बाळंतपण दुसऱ्याच तालुक्यात. तिथल्या नर्सबाईला हिचे रक्त किती, दाब किती, काय ठाऊक? बरे, रात्री अडली, तर मोठ्या दवाखान्यात न्यायचे कोणी ठरवायचे? आई म्हणते, जावईबापूंना विचारा. जावई म्हणतो, आमच्या आईला विचारतो. सासूबाई म्हणतात, आमची चार घरातच झाली की! जिला कळा येताहेत, तिला मात्र कोणी विचारीत नाही. आणि बाळंतिणीचे रक्त थांबले नाही, तर दोन तासांतसुद्धा जीव जातो.

पैशाची सबब आता उरलेली नाही. २०११ पासून सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, अगदी सिझेरियनसुद्धा, मोफत आहे. १०२ ची गाडी न्यायला येते. महाराष्ट्रात २००५-०६ साली शंभरात पासष्ट बाळंतपणे दवाखान्यात होत, २०१९-२१ च्या पाहणीत ती पंचाण्णव झाली. विळ्याने नाळ कापण्याचे नि त्यातून होणाऱ्या धनुर्वाताचे दिवस सरले.

मनातल्या समजुती मात्र दवाखान्याच्या दारातून आत येतातच. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो, आणि आईचा चीक ‘बाळाला पचत नाही’ म्हणून पिळून टाकतो! वासराला कळते ते आपल्याला कळू नये?

या गोष्टी परक्याने सांगून पटत नाहीत. शेजारच्या शिरूर तालुक्यात, वढू बुद्रुकला, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी हे ओळखले होते. १९७० नंतरच्या त्या दशकात त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्याच्या कामाला लावले. आजच्या आशाताई त्याच वाटेवरच्या. ओळखीची बाई ओट्यावर बसून बोलली, की सासूही ऐकते.

आता शेवटचे, आणि मला जास्त काळजीचे. दसरा-दिवाळीनंतर आपल्या उसाच्या फडात बीड, पाथर्डीकडून जोड्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. बाई बसली की मजुरी बुडाली, म्हणून भरल्या दिवसांची बाईसुद्धा मोळ्या वाहते. माहेर शंभर-दीडशे कोसांवर नसले तरी तिला जाता येत नाही, आणि गावच्या यादीत तिचे नाव नाही. गुरुजी, त्या कोपीतले पोर आपल्या शाळेत येत असेल, तर घरी आई कशी आहे, एवढे त्याला विचारा. नि दिवस भरले असतील तर आशाताईंना तिची कोपी दाखवा.