पॉप्लरची नगरपालिका

आज आम्ही तुम्हांला एका दूरच्या नगरपालिकेची हकीकत सांगणार आहोत. ही नगरपालिका लंडन शहरातली. तिचे नाव पॉप्लर. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्हांला लंडनचे काय करायचे? आपल्या गावचे बोला." पण जरा धीर धरा. घरपट्टी, दिवाबत्ती, दवाखाना, गरिबाची भाकरी हे प्रश्न तिथेही होते. ते कोणी सोडवायचे, हे तिथल्या लोकांनी मते देऊन ठरवले. एकदा नव्हे, पुष्कळदा. कधी ते जिंकले, कधी फसले. म्हणून ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

बरो म्हणजे काय?

लंडन अफाट शहर. एका कचेरीतून त्याचा कारभार चालणे कठीण. म्हणून १८९९ साली कायदा झाला आणि १९०० साली शहराचे २८ भाग पाडले. अशा भागाला तिकडे 'बरो' म्हणतात. प्रत्येक बरोची नगरपालिका वेगळी. तिचे सभासद लोकांनी निवडायचे.

पॉप्लर हा त्यांतलाच एक बरो. तो शहराच्या पूर्वेला, थेम्स नदीच्या काठी होता. तिथे मोठमोठ्या गोद्या होत्या. एका गोदीचे नावच ईस्ट इंडिया गोदी. ज्या कंपनीने आपल्या देशावर राज्य केले, तिच्या जहाजांतला माल त्या गोदीत उतरत असे.

माल श्रीमंतांचा, पण तो उतरवणारे हात गरिबांचे. गोदीतले पुष्कळ काम रोजंदारीचे. सकाळी माणसे गोदीच्या दाराशी गर्दी करून उभी राहत. मुकादम येई आणि बोट दाखवून माणसे निवडी. ज्याच्याकडे बोट गेले त्याला काम. बाकीच्यांनी हात हलवत घरी जायचे.

मत कोणाला होते?

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. निवडणूक होती, पण मत सगळ्यांना नव्हते. ज्याने सरकारी धर्मादाय मदत घेतली, त्याचे मत जाई. म्हणजे पोराबाळांना उपाशी ठेवा, तर तुम्ही मतदार. भाकरी मागा, तर मत गेले! ज्याला कारभाराची गरज सर्वांत जास्त, त्यालाच कारभारात तोंड नाही.

१९१८ साली हा नियम मोडला. मदत घेतली म्हणून मत जाणे बंद झाले. मतदारांची संख्या पुष्कळ वाढली. मतदार पुरुषाच्या बायकोलाही, तिचे वय ३० झाले असेल तर, नगरपालिकेच्या निवडणुकीत मत मिळाले. तरी सगळ्या प्रौढांना हे मत मिळायला १९४५ साल उजाडले.

मतदानाची रीत कशी होती? १८७२ सालापासून तिकडे मत गुप्त आहे. चिठ्ठीवर उमेदवारांची नावे छापलेली असत. मतदाराने आपल्या माणसाच्या नावापुढे फुली करायची. पक्षांची चिन्हे मात्र नसत. ती छापण्याची सोय फार उशिरा, १९९८ च्या कायद्याने झाली. मग ज्याला वाचता येत नाही, त्याने काय करावे? त्याने केंद्रावरच्या अधिकाऱ्याला आपला उमेदवार सांगायचा आणि अधिकाऱ्याने खूण करायची. पण हे उमेदवारांच्या माणसांसमोर चाले. म्हणजे निरक्षराचे मत चारचौघांत उघडे पडे. आपल्या देशात १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून चिन्हे आहेत, म्हणून आपल्या अडाणी माणसालाही मत गुप्त ठेवता आले. ही आपल्याकडची मोठी सोय, हे विसरू नका.

मजूर कारभारी झाले

नोव्हेंबर १९१९ मध्ये पॉप्लरची निवडणूक झाली. एकूण जागा ४२. त्यांपैकी ३९ जागा मजूर पक्षाने जिंकल्या! काल गोदीत आणि रेल्वेत राबणारी माणसे आज नगरपालिकेत बसली. त्यांत बायाही होत्या. जॉर्ज लॅन्सबरी हे नगराध्यक्ष झाले.

या लोकांनी काय केले? घरे बांधायला घेतली. बाळंतिणी आणि तान्ही मुले यांच्या आरोग्याची सोय वाढवली. नगरपालिकेच्या नोकराला आठवड्याला कमीत कमी ४ पौंड पगार ठरवला. पुरुषाला जेवढा, तेवढाच बाईला. त्या काळी ही गोष्ट नवलाची होती.

मग १९२१ साल आले. देशात धंदा बसला. बेकारी भयंकर वाढली. बेकारांना मदत द्यायची, तर पैसा कोठून आणायचा? नियम असा होता, की ज्या भागात गरीब, त्या भागानेच त्यांना पोसायचे.

हे नीट समजावे म्हणून आपण एक हिशेब करू. समजा, एका गावात दोन आळ्या आहेत. एका आळीत दहा मोठे वाडे आहेत. दुसरीत शंभर झोपड्या आहेत. वाड्यांच्या आळीत भुकेला कोणी नाही, म्हणून तिथे घरपट्टी हलकी. झोपड्यांच्या आळीत भुकेले पन्नास, म्हणून तिथे घरपट्टी भारी. म्हणजे गरिबाने गरिबाला पोसायचे आणि श्रीमंताने लांबून बघायचे. हा न्याय झाला काय? लंडनमध्ये हेच चालले होते. पश्चिमेकडचे बरो श्रीमंत, पूर्वेकडचे गरीब.

शिवाय पॉप्लरने आपल्या घरपट्टीतून लंडनच्या मोठ्या कौन्सिलला, पोलिसांना, पाणी खात्याला आणि शहराच्या इस्पितळांच्या मंडळाला वाटा द्यायचा. मार्च १९२१ मध्ये पॉप्लरच्या सभासदांनी ठरवले, की हा वाटा गोळाच करायचा नाही. जेवढी पट्टी येईल ती आपल्या बरोवर आणि आपल्या गरिबांवर खर्च करायची. सगळ्या लंडनने गरिबांचा भार वाटून घ्यावा, एवढीच त्यांची मागणी होती.

नगरपालिका तुरुंगात

प्रकरण कोर्टात गेले. २९ जुलै १९२१ रोजी सभासद मिरवणुकीने उच्च न्यायालयाकडे निघाले. पाच मैलांची चाल. पुढे वाद्ये, मागे हजारो माणसे. पुढच्या फलकावर लिहिले होते, की ही पॉप्लरची नगरपालिका आहे, कोर्टात चालली आहे आणि कदाचित तुरुंगातही जाईल.

कोर्टाने सांगितले, पैसे भरा. सभासद म्हणाले, भरणार नाही. सप्टेंबर महिन्यात ३० सभासद तुरुंगात गेले. पुरुष ब्रिक्स्टनच्या तुरुंगात, पाच बाया हॉलोवेच्या तुरुंगात. त्यांपैकी नेली क्रेसल या बाई तर गरोदर होत्या. पण त्या मागे हटल्या नाहीत.

आणि गंमत बघा. नगरपालिकेचे काम तुरुंगातच सुरू झाले! सभा ब्रिक्स्टनच्या तुरुंगात भरू लागल्या. बायांना दुसऱ्या तुरुंगातून मोटारीने तिथे आणावे लागे. बाहेर लोक जमत. लॅन्सबरी कोठडीच्या गजांमधून त्यांच्याशी बोलत. शेजारच्या स्टेपनी आणि बेथनल ग्रीन या बरोंनीही तसाच ठराव केला. आता सरकारला घोर पडला. आज एक नगरपालिका, उद्या दहा. किती जणांना कोंडणार?

सुमारे सहा आठवड्यांनी, १२ ऑक्टोबरला सभासद सुटले. लगेच कायदा झाला आणि गरिबांच्या मदतीचा पुष्कळसा भार सगळ्या लंडनवर वाटला गेला. सभासदांचे म्हणणे खरे ठरले. पण किंमत पडली. मिनी लॅन्सबरी या तरुण सभासद बाई तुरुंगातून आल्यावर आजारी पडल्या आणि १ जानेवारी १९२२ रोजी वारल्या. त्यांचे वय अवघे ३२ वर्षांचे होते.

१९२२ च्या नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक आली. लोकांनी पुन्हा मजूर पक्षालाच निवडून दिले. तुरुंगात गेलेली माणसे वाईट की चांगली, याचा निकाल मतदारांनी मतपेटीत दिला.

पण हकीकतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या ४ पौंड पगारावर हिशेब तपासनिसाने हरकत घेतली. महागाई उतरली तरी पगार उतरवला नाही, हा लोकांच्या पैशाचा जादा खर्च आहे, असे तो म्हणाला. १९२५ साली सर्वांत वरच्या कोर्टाने तपासनिसाचे म्हणणे मान्य केले. निवडून आलो म्हणजे तिजोरी आपली झाली, असे होत नाही. पैसा लोकांचा, हिशेब लोकांना द्यायचा. गरिबांचे राज्य असले तरी हा नियम सुटत नाही.

सात मतांची गोष्ट

पुढे १९६५ साली लंडनची नवी वाटणी झाली. पॉप्लर, स्टेपनी आणि बेथनल ग्रीन मिळून एक मोठा बरो झाला. त्याचे नाव टॉवर हॅम्लेट्स. तिथे पुष्कळ वर्षे मजूर पक्षाचेच राज्य होते. पण कोणतीही जागा कोणाच्या बापाची नसते. १९८६ साली लिबरल पक्षाला २६ जागा मिळाल्या, मजूर पक्षाला २४. राज्य पालटले.

दरम्यान वस्तीही बदलली. सिल्हेट भागातले बंगाली लोक तिथे येऊन राहिले. त्यांचे पूर्वज जहाजांवर खलाशी म्हणून काम करत. हे लोक शिवणकाम करू लागले. राष्ट्रकुलातल्या देशांतून जाऊन तिथे रीतसर राहणाऱ्याला तिथल्या निवडणुकीत मत असते. म्हणून त्यांनाही मत होते. पण काही लोक त्यांचा द्वेष करत. ४ मे १९७८ हा तिथे नगरपालिकेच्या मतदानाचा दिवस होता. त्याच संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या आलताब अली या तरुण कामगाराचा रस्त्यात खून झाला. दहा दिवसांनी हजारो लोक त्याची शवपेटी घेऊन पंतप्रधानांच्या निवासापर्यंत चालत गेले. आज तिथल्या एका बागेला त्याचे नाव आहे.

आता १९९३ साल. जुन्या गोद्या बंद पडल्या होत्या. त्या जागी उंच उंच कचेऱ्या उठत होत्या. पण जुन्या रहिवाशांना राहायला घरे मिळेनात. लोक चिडले होते. अशा वेळी एका पक्षाने त्यांचे कान भरले, की तुमची घरे हे परके लोक घेतात. मिलवॉल नावाच्या वॉर्डात पोटनिवडणूक झाली. द्वेषाचा प्रचार करणाऱ्या त्या पक्षाच्या उमेदवाराला १,४८० मते पडली. मजूर पक्षाच्या उमेदवाराला १,४७३. किती मतांचा फरक? सात!

मंडळी, सात मते म्हणजे किती? एका मोठ्या कुटुंबात तेवढी असतात. त्या दिवशी त्या वॉर्डात कोणी म्हणाले असेल, आज पाऊस आहे. कोणी म्हणाले असेल, माझ्या एका मताने काय होणार? अशी नुसती आठ माणसे घराबाहेर पडली असती, तर निकाल फिरला असता.

पण त्या लोकांनी हाय खाल्ली नाही. आठ महिन्यांनी, मे १९९४ मध्ये, सगळ्या नगरपालिकेची निवडणूक आली. कार्यकर्ते घरोघर गेले. यादीत नाव नसलेल्यांची नावे घातली. म्हाताऱ्याकोताऱ्यांना केंद्रावर नेले. आता पुढचे नीट ऐका. त्या द्वेषवाल्या उमेदवाराची मते कमी झाली नाहीत, उलट दोन हजारांवर गेली. तरीही तो पडला! कारण पूर्वी घरी बसलेले लोक या वेळी बाहेर पडले. वाईटाचा जोर असतो तो पुष्कळदा चांगल्यांच्या आळसावर.

खोटे मत, रद्द निवडणूक

शेवटची एक गोष्ट सांगतो. २०१० पासून या बरोचा नगरप्रमुख लोक थेट निवडू लागले. २०१४ ची निवडणूक झाली, तेव्हा तीत गैरप्रकार झाले अशी तक्रार चार साध्या मतदारांनी निवडणूक कोर्टात केली. २०१५ साली कोर्टाने ती निवडणूक रद्द केली, नगरप्रमुखाचे पद गेले आणि त्यांना पाच वर्षे उभे राहण्याची बंदी झाली. पुन्हा मतदान घेऊन दुसरा माणूस निवडला गेला. बंदी संपल्यावर तेच गृहस्थ २०२२ साली पुन्हा उभे राहिले आणि लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. याला कोणी चांगले म्हणेल, कोणी वाईट. पण दोन्ही वेळा निकाल लागला तो कायद्याने आणि मताने, लाठीने नव्हे.

ही झाली पॉप्लरची हकीकत. जे मत घरी राहिले, ते कोणाच्याच कामाचे नाही. आणि मत टाकून काम संपत नाही. निवडून दिलेल्या माणसाला हिशेब विचारायचा असतो. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. ग्रामपंचायतीची मतदार यादी लागेल, तेव्हा जाऊन आपले नाव स्वतः वाचा. शेजारच्या आजीबाईंचेही वाचून द्या. जमाखर्चाचा कागद लागला, तर तोही वाचा. समजले नाही तर ग्रामसभेत उभे राहून विचारा. विचारायला लाज कसली? पैसा आपला आहे.

आता तुम्ही सांगा:

१. मदत घेणाऱ्याचे मत काढून घेणे योग्य होते काय? का?

२. पॉप्लरच्या सभासदांनी पट्टीचा वाटा अडवला. तुम्ही त्यांच्या जागी असता, तर काय केले असते?

३. मिलवॉल वॉर्डात १९९३ मध्ये किती मतांनी निकाल लागला? तुमच्या घरात किती मते आहेत?