वार्धक्यांतील सहवास



१८३९ सालच्या हिवाळ्यांत फ्रान्समधील झान जुगान हिनें एका अंध विधवेस घरीं आणून आपली शय्या दिली व स्वतः माळ्यावर निजली. त्यांतूनच वृद्धसेवेचा भगिनीसंघ उदयास आला. १८८२ सालीं तो कलकत्त्यास पोहोंचला. २००९ सालीं झान संतपदास चढली.

वृद्धाश्रम म्हणजे टाकलेल्यांचें घर, असें आपण समजतों. परंतु एकाकी खोलींत मिळालेल्या अन्नानें देह जगतो, मन नव्हे. समवयस्कांचा सहवास, नित्य प्रार्थना, वेळेवर शुश्रूषा हीं आश्रमांत लाभतात. म्हणून तेथें जाऊं इच्छिणाऱ्या वडीलधाऱ्यांस दोष देऊं नये. आणि त्यांस पोहोंचविलें म्हणजे ऋण फिटलें, असें मुलांनींही मानूं नये. भेटीस जात राहावें. अशी सद्बुद्धि प्रभु आपणांस देवो.