बिघडलेला कलप



कलपावर काय भाषण करायचं, असं आपल्यापैकी काहींना वाटेल. मलाही गेल्या उन्हाळ्यापर्यंत तसंच वाटत होतं. म्हणून आधी माझी फजिती सांगतो. मग मुद्द्याकडे वळतो.

माझं वय चव्वेचाळीस. राहतो केजला, कॉलेजात मराठी शिकवतो. भाच्याचं लग्न गेवराईला ठरलं आणि तीन दिवस आधी आरशात कानशिलांवरचा पांढरेपणा मला एकाएकी खुपू लागला. किराणा दुकानातून कलपाची पुडी आणली, वाटीत कालवली आणि डोक्याला फासली. पुडीवर तीस मिनिटं लिहिली होती. विसाव्या मिनिटाला वीज गेली. टाकी रिकामी, बोअरची मोटर बंद. घरात पिण्याच्या पाण्याचा एकच हंडा होता, आणि त्याला हात लावायची परवानगी काही मिळेना. उन्हाळ्यातल्या पाण्याची किंमत बीड जिल्ह्यातल्या माणसाला मी काय सांगावी! वीज आली तेव्हा सव्वा तास उलटून गेला होता.

डोकं धुतलं तर केस तव्याच्या बुडासारखे. केसांचं एक वेळ चाललं असतं. पण कपाळ, दोन्ही कान आणि मानसुद्धा काळी. “अहो, हे काय करून घेतलंत?” एवढंच बोलून घरातली मंडळी हसू दाबत आत गेली. मग शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून धुण्याचा सोडा आणि लिंबू खसाखसा चोळलं. कातडी सोलवटली, काळेपणा होता तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी मी त्याहून मोठं शहाणपण केलं. तपकिरी कलपाची पुडी आणून तीच काळ्यावर लावली. वाटलं, रंग जरा फिका होईल. लग्नात फेट्याखाली डोकं इतकं खाजत होतं की मंगलाष्टकं कधी संपतात याचीच वाट पाहत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर दोन्ही डोळे सुजून मिटलेले आणि कानामागून पाणी वाहतंय.

अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी पाहताक्षणी विचारलं, “सर, पुडीवरचं वाचलं होतंत का?” जन्मभर मुलांना ‘नीट वाचा’ म्हणून सांगणारा मी, खाली मान घालून उभा राहिलो.

पुडीवर काय असतं ते आता सांगतो. या रंगांत बहुधा पॅरा-फेनिलीन-डायमिन नावाचं द्रव्य असतं. हॉफमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं 1863 साली त्याचं वर्णन केलं, आणि पुढं 1907 च्या सुमारास फ्रान्समध्ये शुएलर नावाच्या गृहस्थानं केसांच्या रासायनिक रंगांचा धंदा उभा केला. हे द्रव्य काहींच्या कातडीला मुळीच सोसत नाही. आधी थोडा रंग कातडीवर लावून पाहावा, आणि भुवया व पापण्यांना तो लावू नये, त्यानं आंधळेपण येऊ शकतं, अशी सूचना आपल्याकडच्या सरकारी नियमांप्रमाणे अशा पुडीवर छापावी लागते. ही सूचना उगाच नाही. 1933 च्या सुमारास अमेरिकेत पापण्यांना लावायच्या अशाच एका रंगानं बायकांचे डोळे गेले, आणि 1938 साली तिथं नवा कायदा झाला त्यामागं असे प्रकार होते.

चाचणीला काही खर्च नाही. कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला दोन बोटांएवढ्या जागी रंग लावायचा, वाळू द्यायचा आणि चोवीस तासांनी धुवायचा. डॉक्टरबाई म्हणाल्या, दोन दिवस वाट पाहिलेली बरी, कारण कातडीची तक्रार पुष्कळदा उशिरा येते. खाज, लाली, फोड यांतलं काही दिसलं तर ती पुडी आपली नव्हे. आणि दर वेळी चाचणी करायची. दहा वर्षं सोसलेला कलप अकराव्या वर्षी बाधतो.

आता, बिघडलंच तर काय करावं? आधी पाहावं की बिघडलंय काय, रंग की कातडी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि माझं तिथंच चुकलं.

नुसता रंग बिघडला असेल तर घाई करू नये. शिक्षक मित्रांना हे वर्गात सांगता येईल. केसावर माशासारखे खवले असतात. कलपातल्या तिखट द्रव्यानं ते उघडतात, रंगाचे बारीक कण आत शिरतात आणि आत एकमेकांना जोडून मोठे होतात. कणगीत बारीक भोकातून शिरलेला उंदीर दाणे खाऊन फुगला की त्याच भोकातून बाहेर निघत नाही, तसंच हे. म्हणून एका धुण्यात रंग जात नाही, आणि वरून दुसरा कलप लावला तर फिका न होता आणखी गडदच होतो. पहिले काही दिवस रात्री खोबरेल आणि सकाळी शाम्पू, एवढं केलं तर थोडा उतरतो. कातडीवरचा डाग तेलाच्या बोळ्यानं हळू पुसावा. उरलेला कातडीच्या पापुद्र्याबरोबर आठवड्याभरात आपोआप जातो. सोडा, चुना, रॉकेल, ब्लिचिंग पावडर यांतलं काही डोक्याला लावू नये. एखादी बट पांढरी राहिली तर पंधरा दिवस थांबून तेवढीच रंगवावी. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो, तेव्हा पुरुषांना न्हाव्याची कात्री हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

कातडी बिघडली असेल, म्हणजे आग, खाज, सूज असेल, तर रंगाचा विचार सोडून द्यावा. भरपूर पाण्यानं डोकं धुवावं आणि पुडी बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावं. दुकानातून आपल्या मनानं खाजेची ट्यूब आणू नये. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडकू लागला तर सकाळची वाट न पाहता निघावं. आणि एकदा असं झालं की त्या माणसाला तो कलप पुढं कायमचा बंद.

कालवून उरलेला कलप वाटीत तसाच ठेवू नका. पोरांच्या पोटात गेला तर घसा सुजून श्वास कोंडतो, मूत्रपिंडं निकामी होतात, आणि त्यावर उतारा नाही. कुणाच्या पोटात गेलाच तर घरगुती उपाय करीत न बसता मोठा दवाखाना गाठावा.

“दादा, मग मेंदी तरी चालेल ना?” असं माझी धाकटी बहीण विचारत होती. चालेल, पण ‘काळी मेंदी’ म्हणून मिळते ती बहुधा मेंदीत मिसळलेला कलपच असतो. खरी मेंदी पांढऱ्या केसाला तांबूस करते, काळा कधीच करीत नाही. काळेपणा हवा असला तर मेंदीनंतर निळीच्या पानांची पूड लावायची, जिला जुनी माणसं वस्मा म्हणत. त्यात अर्धा दिवस जातो. अर्ध्या तासात केस काळेभोर करणारी पूड कुणी मेंदी म्हणून देऊ लागला, तर आधी ती कानामागं लावून दोन दिवस थांबा.